दार नसलेली गोदी

गेल्या अंकात विजयदुर्गावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात चौतीस वर्षं शिपराइटचं, म्हणजे जहाजाच्या सुताराचं काम केलं आणि निवृत्तीनंतर गिर्ये भागातल्या आमच्या घरी येऊन राहिलो. विजयदुर्गाची आरमारी गोदी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उत्तरं देतो ती वाचून आणि हाताने केलेल्या कामावरून.

प्रश्न : मे महिन्यात मुलांना घेऊन विजयदुर्ग पाहिला. वाघोटण खाडीच्या काठाला मराठ्यांची आरमारी गोदी आहे असं कळलं म्हणून मुद्दाम तिथेही गेलो. पाहतो तो कातळात खणलेला मोठा खड्डा, अर्धा चिखलाने भरलेला, कडेला खारफुटी. दाराचा पत्ता नाही. त्या काळी पंप तर नव्हतेच. मग ही सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून जहाज कोरडं करायची जागा, चालायची कशी? मुलांना काय सांगू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : किल्ला पाहून झाल्यावर तुम्ही वाट वाकडी करून गोदीपर्यंत गेलात, याचा मला किती आनंद झाला ते कसं सांगू! किल्ल्यावर सुट्टीत गाड्या लावायला जागा नसते आणि गोदीकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अहो, ही गोदी नसती तर किल्ल्याच्या त्या तिहेरी तटबंदीने राखायचं तरी काय होतं? विजयदुर्गाचं खरं बळ त्याच्या बंदरात होतं आणि बंदराचं बळ या खड्ड्यात.

आमच्या लहानपणी आम्ही पोरं तिला तळी म्हणायचो. आजी ओरडायची, ‘‘थंय जाव नको रे, चिखलात रुतशीत!’’ डॉकयार्डात अॅप्रेंटिस म्हणून लागलो आणि पहिल्यांदा जहाज गोदीत घेताना पाहिलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण ज्याच्या काठाला खेकडे धरायचो ते काय होतं.

आधी मुंबईची पद्धत सांगतो. गोदीच्या तळाला मधोमध ठोकळ्यांची रांग मांडायची. गोदीत पाणी घ्यायचं, जहाज आत ओढायचं, तोंडाशी केसन म्हणजे तरंगतं दार आणून बसवायचं आणि मग पंपाने पाणी उपसायचं. पाणी उतरत जातं तसं जहाज ठोकळ्यांवर टेकत जातं. त्या वेळी सगळ्यांचे आवाज बंद होतात. टेकताना लाकूड एकदाच ‘कर्र’ करतं, तेवढंच ऐकू येतं. माझ्या पहिल्या वर्षी एका ठोकळ्याखालची पाचर मी उलटी मारली होती. आमच्या उस्तादांनी ती पायाने हलवून पाहिली, काही न बोलता काढली आणि माझ्या हातात परत दिली. त्यानंतर चौतीस वर्षांत एकही पाचर मी हाताने दोनदा तपासल्याशिवाय सोडली नाही.

आता विजयदुर्ग. या गोदीची लांबी सुमारे ३५५ फूट आणि रुंदी २२७ फूट सांगतात. एवढ्या रुंद तोंडाला एक दार बसणं शक्य नाही, हे सुतारकाम करणाऱ्याला माप ऐकताच कळतं. इथला पंप म्हणजे समुद्र. आमच्याकडे उधाणाला पाणी आठेक फूट चढतं-उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या सगळ्यात मोठ्या भरतीला जहाज आत घ्यायचं, बाजूंना टेकू द्यायचे आणि ओहोटीची वाट पाहायची. पाणी आपणहून निघून जातं, जहाज तळावर बसतं. आणि यातली खुबी पुढेच आहे. उधाण ओसरलं की रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा थोडी कमी चढते, ती भांगापर्यंत, म्हणजे सगळ्यात कमी भरतीच्या दिवसांपर्यंत, उतरतच जाते. म्हणजे उधाणाच्या माथ्यावर उंच जागी बसवलेलं जहाज पुढच्या उधाणापर्यंत बरंचसं कोरडं राहतं. दहा-बारा दिवस हातात मिळतात. काम उरकायचं आणि पुढच्या उधाणाला जहाज तरंगवून बाहेर काढायचं. हा हिशेब चुकला तर जहाज पंधरा दिवस अडकलं समजा. पंचांग पाहून काम करणारी गोदी होती ती.

मुंबईत पाणी पंधरा फुटांपर्यंत चढतं-उतरतं, आमच्याकडे त्याच्या निम्मंच. म्हणून इथली जहाजंही पाण्यात कमी बुडणारी. त्याचा दुसरा फायदा लढाईत व्हायचा. इंग्रजांची खोल बुडणारी जहाजं जिथे रुततील अशा खाडीत आपली गलबतं आरामात वर निघून जात. ही खाडी थेट खारेपाटणपर्यंत आत जाते.

आणखी एक माप देतो, मुलांना आवडेल. १८१८ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा इथल्या आरमारप्रमुखाचं ४३० टनांचं जहाज त्यांच्या हाती लागलं, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. लांबी १५६ फूट, रुंदी ३३ फूट. आता कागदावर गोदीचा चौकोन काढा आणि त्यात ही जहाजं मांडायला सांगा. लांबीत दोन सहज बसतात. रुंदीत माणसाला फिरायला आणि टेकू लावायला जागा सोडूनही चार बसतात. मुलांनी हे एकदा स्वतःच्या हाताने मांडलं की तो खड्डा त्यांना खड्डा दिसणार नाही.

प्रश्न : काका, मी बी.ए.ला आहे. मराठा आरमारातल्या जहाजांवर प्रकल्प करतेय. गुराब आणि गलबत यांत नेमका फरक काय? आणि गोदीत दुरुस्ती म्हणजे काय काय करत असतील? (एक विद्यार्थिनी, मालवण)

उत्तर : गुराब मोठी. दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशेपासून पाचशे टनांपर्यंत वजन. तिचं पुढचं टोक निमुळतं आणि सखल असायचं, लाटेचं पाणी आत न साचता बाजूंनी निघून जावं म्हणून. त्या सखल भागामागे आडव्या भिंतीत भोकं पाडून तोफा समोर रोखलेल्या असत. बाजूंनाही तोफा असतच, पण शत्रूच्या पाठीमागून चालून जाताना मारा करायचा तो या पुढच्या तोफांनी. गलबत लहान, साधारण सत्तर टनांपर्यंत, दोन डोलकाठ्या आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांची शिडांची जहाजं जागच्या जागी उभी राहायची आणि आपली गलबतं वल्ही मारत मोठ्या गुराबांना दोरांनी ओढत त्यांच्या पाठीशी आणून सोडायची. दोघांची जोडी होती, हे तुझ्या प्रकल्पात ठळक लिही. एकटी गुराब किंवा एकटं गलबत घेऊन ही लढाईची पद्धत समजत नाही.

दुरुस्तीचं विचारलंस, तर लाकडी जहाजाचा खरा वैरी पाण्याखाली असतो. लाकूड पोखरणारा किडा. वरून फळी धड दिसते आणि आत बोटभर भोकांची चाळण झालेली असते. त्यावर उपाय असा की जहाज कोरडं करायचं, तळाला चिकटलेलं शेवाळ-शिंपले खरवडून काढायचे, मग तळाखालून जाळ द्यायचा. हे मी लहानपणी आमच्या गाबीत, म्हणजे मच्छीमार, शेजाऱ्यांना मचव्यावर करताना पाहिलंय. सुकी चुडतं, म्हणजे नारळाच्या झावळ्या, पेटवून लांब काठीने तळाखालून फिरवायची. लाकूड तापलं पाहिजे पण पेटता कामा नये. म्हातारा तांडेल तळहात फळीवर ठेवून सांगायचा, ‘‘बस, आता फुडे.’’ मग फटींतला जुना कापूस काढून नवा ठासायचा, वर राळ, आणि शेवटी चुना तेलात घोटून त्याचा थर. घोटताना येणारा माशाच्या तेलाचा वास दोन दिवस अंगाचा जात नसे.

बरीचशी कामं पावसाळ्यात होत. ज्येष्ठात दर्या खवळला की आरमार आत यायचं, शिडं-दोर उतरवून कोठीत जायचे, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाहेर. म्हणजे या गावाचं वर्ष दोन भागांत वाटलेलं होतं. आठ महिने खलाशांचे, चार महिने सुतार-लोहारांचे.

आणि या सुतार-लोहारांबद्दल एक मनापासून सांगतो. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांचं नाव आजही घेतलं जातं, आणि घेतलंच पाहिजे. त्यांच्या घराण्याने मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे १८१७ चं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. सागवानाचं आहे. पण विजयदुर्गाच्या गोदीत ज्यांनी गुराबा उभ्या केल्या त्या एकाही मिस्त्रीचं नाव मला कुठल्या फलकावर वाचायला मिळालेलं नाही. किल्लेदार माहीत आहेत, सुभेदार माहीत आहेत. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, ज्याने तासली तो माहीत नाही. तुझ्या प्रकल्पासाठी एवढं कर, मालवण-देवगड भागातल्या चार जुन्या सुतारांच्या घरी जा आणि त्यांच्याकडे जहाजाच्या भागांना काय शब्द होते ते विचार. पठाण म्हणजे तळाचा मुख्य वासा, नाळ, परबान, सुकाणू हे तुला कोशात सापडतील. त्यांच्या तोंडी याहून कितीतरी जास्त आहेत आणि ते शब्द माणसाबरोबर जातात.

प्रश्न : तुळाजी आंग्र्यांचं आरमार पेशव्यांनीच बुडवलं असं आम्ही ऐकत आलो. आमच्याकडे या विषयावरून आजही भांडणं होतात. खरं काय? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आरमार जळलं ते इंग्रजांच्या गोळ्यांनी. इंग्रजांना त्या बंदरावर चालून यायला सोबत दिली ती पेशव्यांनी. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एक दुसऱ्याला खोडत नाही.

तुळाजींचे वडील, मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे, १७२९ मध्ये गेले. पुढे मुलांत वाटण्या झाल्या, कुलाबा एकीकडे, विजयदुर्ग दुसरीकडे. विजयदुर्गाचे तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होता. म्हणून १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या वतीने कोकणचे सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी तुळाजींचा सुवर्णदुर्ग किल्ला पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन आरमार घेऊन आला, बरोबर क्लाइव्ह. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले होते.

१२ फेब्रुवारीच्या दुपारी तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी होती. एक जळता गोळा पडला तो ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर. हे मुळात इंग्रजांचंच, १७४९ मध्ये तुळाजींनी पकडून आणलेलं. तिथून आग पसरली आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं आरमार गेलं. बांधणीवर असलेली दोन जहाजंही होती, त्यांतलं एक चाळीस तोफांचं होणार होतं.

मी या अर्धवट जहाजांपाशी नेहमी थांबतो. लढलेलं जहाज जळालं तर त्याचं दुःख वेगळं. पण अजून पाणी न पाहिलेलं, फासळ्या उभ्या झालेल्या, फळ्या चढायच्या बाकी असलेलं जहाज जळताना त्याचे मिस्त्री कुठे उभे असतील? बहुधा इथेच, आमच्या बाजूच्या काठावर.

दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. करारात किल्ला मराठ्यांना मिळायचा होता. इंग्रज आधी आत शिरले, सुमारे दहा लाखांची लूट आपसात वाटून घेतली आणि ऑक्टोबरपर्यंत किल्ला सोडला नाही. बदल्यात बाणकोट पदरात पाडून घेतलं तेव्हा सोडला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं.

माझं मत विचाराल तर घरचं भांडण परक्याच्या तोफांनी मिटवायला गेलो, ही चूक होती आणि ती फार महाग पडली. पण भांडणारांना पुढचंही सांगा. त्याच पेशव्यांनी आरमाराचा सुभा विजयदुर्गालाच ठेवला, आणि आनंदराव धुळपांच्या हाताखाली इथूनच पुन्हा आरमार उभं राहिलं. १७८३ च्या एप्रिलमध्ये धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज लढून पकडलं आणि विजयदुर्गाला आणलं. त्यावर मुंबईहून आपल्या फौजेकडे परतणारे इंग्रजांचे मोठे सेनाधिकारी होते. त्यांतला कर्नल हंबरस्टन जखमी अवस्थेत इथेच वारला. गोदी जळत नाही हो. कातळ जळत नाही. जळालेल्या आरमाराच्या जागी नवं उभं राहिलं, कारण जागा, खाडी आणि हात शिल्लक होते.

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी १८ ऑगस्टला सांगितलं जातं की १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लागला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ नावाचे चौथरेही दाखवतात. हे बरोबर आहे ना? (एक शिक्षिका, राजापूर)

उत्तर : बाई, तारीख बरोबर आहे, जागेत गल्लत आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचं निरीक्षण फ्रान्सच्या जान्सेनने केलं ते आंध्रात गुंटूरला. हेलियमच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता आणि जिच्यावरून हेलियम ओळखला गेला ती सूर्यप्रकाशातली पिवळी रेषा त्याने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिकडूनच पाहिली. तो विजयदुर्गाला आला खरा, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो आपली उपकरणं घेऊन इथे उतरला होता, मदतीला ‘मेल्पोमिनी’ या इंग्रज युद्धनौकेचे खलाशी होते. ऑगस्टात आमच्याकडे आभाळ कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. जानेवारीत मात्र आकाश असं स्वच्छ असतं की विचारू नका.

मुलांना हे जसंच्या तसं सांगा. त्याने विजयदुर्गाचं काही उणं होत नाही. जगातला एक मोठा शास्त्रज्ञ ग्रहण पाहायला आपल्या किल्ल्यावर आला, ही गोष्ट खरी आहे आणि पुरेशी मोठी आहे. कार्यक्रम २२ जानेवारीला ठेवलात तर मुलं पावसात भिजणारही नाहीत.

प्रश्न : माझे वडील नेव्हल डॉकयार्डात सुतार होते. गेल्या वर्षी वारले. त्यांची स्वतःची हत्यारांची पेटी घरी आहे. जागा अपुरी, घरातले म्हणतात भंगारात द्या. मला त्यातली निम्मी हत्यारं ओळखताही येत नाहीत. काय करू? (एक वाचक, परळ)

उत्तर : देऊ नका. कृपा करून देऊ नका.

तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंग घेऊन पाहिला. डावीकडचं वाकडं पातं असलेलं, कुऱ्हाडीसारखं पण आडवं, तो वाकस. जहाजाचा बाक याच्यानेच तासला जातो, पायांत लाकूड धरून, स्वतःच्या अंगठ्यापासून दोन इंचांवर घाव घालत. त्याच्या शेजारी बोथट तोंडाची पटाशी दिसते, ती कापायची नाही. फटीत कापूस ठासायची आहे. म्हणून तिला धार लावायला जाऊ नका, कुणी लावून देतो म्हणाला तरी. लाकडी हातोडा म्हणजे मोगरी. गुंडाळलेल्या दोरीला पितळी वजन आहे तो ओळंबा.

पात्यांवरचा गंज रॉकेलच्या फडक्याने पुसा, मग खोबरेल तेलाचं बोट फिरवा. मुंबईच्या हवेत दर दोन महिन्यांनी. वाकसाचा दांडा चिरलाय म्हणून बदलू नका. फोटोत दांड्याच्या वरच्या बाजूला एक गुळगुळीत खळगा दिसतोय. तो लाकडाचा दोष नाही, तुमच्या वडिलांच्या अंगठ्याची झीज आहे. तेवढी झीज पडायला वीस-पंचवीस वर्षं लागतात.

पेटीत कापूर आणि कडुलिंबाचा सुका पाला ठेवा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला वडिलांचं पूर्ण नाव, गाव आणि डॉकयार्डात किती सालापासून किती सालापर्यंत होते, ते लिहा. पेन्सिलीने लिहा. शाई दमटपणाने पसरते.